जंगलात जगण्याची सुरी

पार्सल आलं तेव्हा मी वीज मंडळाच्या कचेरीत
थकबाकीदारांच्या यादीवर पेंगत होतो.
खोक्यावर एक दाढीवाला, मागे बर्फाचा डोंगर,
त्याच्या मुठीत हीच: काळी, दातेरी,
मुठीच्या बुडाला होकायंत्र,
मुठीच्या पोटात दोन काड्या, एक गळ, हातभर दोरा.
किंमत विचारू नका.
बायकोला निम्मी सांगितली, तीही तिला दुप्पट वाटली.

रविवारी लोटन पाटलाच्या मळ्यात भरीत होतं,
चोपड्याच्या वर, जिथं कपाशी संपते आणि साग सुरू होतो.
हिलालनं वांगी आणली, हिरवी, बाळाच्या डोक्याएवढी.
दगा मास्तरनं कळण्याच्या भाकरी, फडक्यात बांधून.
मी सुरी आणली.
पट्ट्याला लावून. शर्ट खोचून.

"सरपण माझ्याकडे," मी म्हणालो,
आणि बांधावरच्या आडव्या बाभळीकडे निघालो.
निघताना होकायंत्र पाहिलं.
समोर सातपुडा, बसलेल्या म्हशीसारखा ऐसपैस,
जन्मल्यापासून उत्तरेलाच.
यंत्र म्हणालं, उत्तर लोटनच्या गोठ्यात आहे.

पहिल्या घावाला बाभूळ काही बोलली नाही.
दुसऱ्याला साल उडाली, हरभऱ्याच्या टरफलाएवढी.
दहाव्याला मी घड्याळ काढून ठेवलं,
विसाव्याला शर्ट आपला आपण बाहेर आला.
मग दाढीवाल्याचा व्हिडिओ आठवला:
सुरी लाकडावर आडवी धरायची
आणि तिच्या पाठीत दुसऱ्या लाकडानं बडवायचं.
म्हणजे लाकूड तोडायला लाकूड लागतं,
आणि ते दुसरं लाकूड कशानं तोडायचं
त्याचा व्हिडिओ वेगळा आहे.

बडवलं.
सुरी आत गेली. फार छान गेली. तिथंच राहिली.
ओढली, हलवली, पाय लावून ओढली,
शेवटी गोड बोलून पाहिलं.
मूठ हातात आली.
काड्या, गळ, दोरा, सगळं जगणं धुळीत.

तेवढ्यात झेलाबाई आली, डोक्यावर गवताचा भारा,
पुढं दोन शेळ्या, मागं नातू.
"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"
"सरपण."
"आनि हाई काय शे?"
"जंगलात जगायची सुरी."
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुठीकडे, मग जंगलाकडे,
जिथं तिचं माहेर आहे.
"मंग हाऊ गळ कसाले? मासा झाडवर लागतस का?"
मी होकायंत्रात पाहत राहिलो.

"भरीत बाभूयवर नही व्हस, दादा.
पऱ्हाटीवर व्हस."
भारा उतरवला, बांधाच्या कडेची वाळकी पऱ्हाटी उचलली,
गुडघ्यावर धरली. कट्.
दुसरी. कट्. शेळी बाजूला केली. कट्.
मळाभर ढीग होते पऱ्हाटीचे,
मी सकाळी त्यांना वळसा घालूनच आलो होतो.

लोटननं नंतर कुऱ्हाड आणली,
एका घावात ओंडका चिरला, पातं काढून दिलं,
हसला नाही. ते जास्त लागलं.
हिलालनं ते पातं उचललं
आणि भाजायच्या आधी वांगी टोचून घेतली,
नाहीतर फुटतात म्हणे जाळात.
एकही फुटलं नाही.
मी ते दोनदा बोलून दाखवलं.

होकायंत्र नातवानं नेलं, कोंबडीच्या पायाला बांधलं.
कोंबडी उत्तर सोडून सगळीकडे गेली.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "लाकूड कसं कापते?"
म्हटलं, "वांगं फार सुरेख टोचते."
ते बराच वेळ थकबाकीची यादी बघत होते.
मी मोबाईलवर एक कुऱ्हाड बघत होतो:
दुमडते, खिशात मावते,
आणि दांड्यात शिट्टी आहे.